मेथीच्या पत्रकातला शेवटचा परिच्छेद

मी वाचायला शिकले ती खनिजाच्या ट्रकांच्या धुळीवरच्या एका पत्रकावरून. बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि घरी आले की पत्रकं लिहायचे. ती मालवणला झेरॉक्स करून आणायची, मध्ये घडी घालायची आणि वाडीवाडीत वाटायची. उरलेली पत्रकं घरातच जिरत. आईच्या फडताळात प्रत्येक डब्याखाली एक अंथरलेलं असे, आणि पावसाळ्यात बुटांच्या आत ओल शोषायलाही तीच कोंबलेली असत. पत्रकाची भाषा आमच्या घरात जेवतानाही चाले. आमटीत मीठ कमी पडलं तर बाबा म्हणत, "याचा निषेध नोंदवण्यात येत आहे." आई म्हणे, "नोंदवा, आणि मीठ घ्या."

तोंडवलीच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला आमची वाडी. आमच्या घरात मेथी नाही असा आठवडा मला आठवत नाही. आंबोळीसाठी तांदूळ आणि उडीद भिजत पडत त्यात चिमूटभर मेथी असायचीच, नाहीतर आंबोळीला जाळी पडत नाही असं आई म्हणे. कैरीच्या लोणच्यात तळून कुटलेली मेथी. वाडीत कुणी बाळंत झालं की आई मेथीची पेज करून पाठवायची, नारळाचा रस आणि गूळ घातलेली, आणि ती पोचवायला मला धाडायची. रविवारी बांगड्यांची उडदामेथी. त्यासाठी खोबरेल तेलात आधी उडीद पडत आणि मग मेथी. मेथी पडली की आई बोलायची थांबायची. दाणे तडतडायचे, वास कडवट होता होता गोड व्हायचा, आणि त्या मधल्या एका क्षणी ती कढई उतरवायची. जरा उशीर झाला तर सगळं कालवण कडू. "बोलू नको माझ्याशी आता," असं ती फक्त याच वेळी म्हणे.

मेथीची पालेभाजी मात्र आमच्याकडे यायची ती फिलूबायकडून. फिलूबाय म्हणजे आमच्या शेजारची फिलोमेना, बालवाडीतून निवृत्त झालेली, साठी ओलांडलेली, एकटी. समुद्राच्या बाजूला तिची वाळूतली जमीन होती, आणि थंडी सुरू झाली की ती तिथे मेथी पेरायची. वाळूतली मेथी वीतभरही वाढत नाही. मुळासकट उपटून जुडी बांधायची आणि सात पाण्यांनी धुवायची, तरी एखादा कण दाताखाली येतोच. फिलूबाय बाबांच्या पत्रकांची सगळ्यात पक्की वाचक. चष्मा लावून, ओठ हलवत, सगळं वाचायची. मी एकोणीस वर्षांची झाले आणि स्वतः लिहायला लागले तेव्हा माझीही. "शुभा, तुझ्या कागदात इला म्हणजे ता खरा," असं ती म्हणे, आणि मला त्याचा केवढा अभिमान वाटे हे आज लिहितानाही अवघड होतं.

त्या वर्षी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये एका कंपनीचं शिबिर झालं. साखरेची फुकट तपासणी आणि तपासणीनंतर भाषण. भाषणानंतर हिरव्या डब्या. डबीत मेथीच्या कॅप्सूल. सांधे, साखर, केस, अशक्तपणा, सगळ्यावर एकच डबी. आमच्या भागाचा एजंट होता फिलूबायचा पुतण्या बस्त्याव, चाळिशीतला, गोव्याला हॉटेलात नोकरी करून परत आलेला. माणूस वाईट नव्हता. गळ्यात कंपनीची पट्टी घालून घरोघर जायचा आणि प्रत्येक म्हातारीला "मावशे" म्हणून तिच्या पायाशी बसायचा. ज्यांनी आयुष्यभर मेथी दळली, वाटली, पेरली त्या बायका महागड्या डब्या घेऊन घरी जाताना बघून माझं डोकं फिरलं. दोन रात्री मी पत्रक लिहिलं. मेथीत काय असतं, आपल्या आज्या ती कशी वापरायच्या, डबीत भरून तीच कशी विकली जाते, आणि रोज सकाळी एक चमचा भिजवलेली मेथी पाण्यासकट घेतली की डबीची गरज कशी नाही.

शेवटी एक परिच्छेद होता. तो मी एका डॉक्टरांच्या पुस्तिकेवरून लिहिला होता. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध म्हणून मेथी सुरू करू नये. गोळी, मेथी आणि उपाशी पोट एकत्र आलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, असंबद्ध बडबड दिसली तर ताबडतोब साखर खायला द्यावी.

आमच्या घराचा नियम असा की पत्रक एका कागदावर, दोन्ही बाजूंना, यापुढे नाही. माझं सात ओळींनी वाढत होतं. बाबांनी लाल पेन घेतलं आणि शेवटच्या परिच्छेदाभोवती चौकट काढली.

"हे काढ."

"बाबा, हे महत्त्वाचं आहे."

"महत्त्वाचं आहे, पण हे पुस्तकातलं आहे. पत्रक म्हणजे हाक. हाक मारताना कुणी 'पण' म्हणतं का? तू सगळं सांगून शेवटी घाबरवलंस तर लोक डबीकडेच जाणार."

मी वाद घातला असं लिहायचा मोह होतो. पण मी अर्धा मिनिटही वाद घातला नाही. मला बाबांचं पटलं, आणि खरं तर मला त्या मोकळ्या जागेत काय टाकायचं ते आधीच सुचलं होतं. मोठ्या अक्षरात मी लिहिलं: "जे फडताळात आहे ते डबीत का विकत घेता?" बाबा हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. पिवळ्या कागदावर चारशे प्रती काढल्या.

पत्रक गाजलं. बस्त्यावला लोक रस्त्यात अडवून विचारू लागले, "काय रे, फडताळ विकतंस?" दोन बायकांनी डब्या परत केल्या. तो आमच्या फाटकाशी येऊन बाबांना म्हणाला, "मास्तर, माझ्या पोटार पाय दितास तुमी." बाबांनी त्याला पाणी विचारलं आणि सत्याला पर्याय नसतो असं काहीतरी सांगितलं. मी आत उभी राहून ऐकत होते आणि मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

आज मालवणच्या दुकानांत मेथीचा शांपू मिळतो, मेथीची पूड, मोड आणून वाळवलेली मेथी, बाळंतिणीसाठी मेथीची बिस्किटं. मी त्यातलं काही विकतही घेते. त्या वयात मी हे वाचलं असतं तर स्वतःला गद्दार म्हटलं असतं. पण मला आता डबी कुणाची आहे याच्याइतकंच डबीवर काय लिहिलेलं नाही हेही बघायची सवय लागली आहे, आणि ती सवय मला त्या वर्षीच्या एका शुक्रवारी लागली.

फिलूबायचे ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस चालू होते. दर शुक्रवारी ती तीन वाजेपर्यंत पाणी आणि औषध सोडून काही घेत नसे, आणि तीन वाजता सगळे ख्रिस्ती लोक आमच्या फाटकासमोरून प्रार्थना म्हणत टेकडीवरच्या कपेलाकडे, छोट्या प्रार्थनाघराकडे चढत. त्या आठवड्यात बुधवारी ती मेथीची जुडी घेऊन आली होती. जाता जाता म्हणाली, "तुझ्या कागदात लिवलंस तशी मेथी घेतंय हां मी रोज. तू येक चमचो लिवलंस, मी दोन घेतंय. वायच लवकर गुण इलो तर बरा." मी हसले. आई चुलीपाशी होती, तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी काहीच विचारलं नाही. फिलूबाय साखरेच्या गोळ्या घेते हे मला माहीत होतं. शेजारणीबद्दल माहीत असतं तसं माहीत होतं, पत्रक लिहिताना आठवावं तसं नव्हतं.

शुक्रवारी उन्हाचा ताव होता. प्रार्थनेचा आवाज वळणावरून जवळ येत होता आणि मी अंगणात पुस्तक घेऊन बसले होते. मग आवाज मध्येच तुटला. फाटकाबाहेर लोक गोल करून उभे राहिले. मी गेले तेव्हा फिलूबाय आमच्या कुंपणाला टेकून बसली होती. पांढरी ओढणी डोक्यावरून घसरली होती, अंगातून पाणी ओतल्यासारखा घाम, हात लटलट कापत होते. आणि ती बोलत होती. बालवाडीतल्या मुलांची नावं घेत होती, त्यांना रांगेत उभं राहायला सांगत होती. जीभ जड झाली होती.

"अंगात इला काय गो हिच्या?" कुणीतरी पुटपुटलं.

"अंगात कसला! उपासाचे दिवस मेले, म्हातारेन फेणी घेतलीहा," मागून एक पुरुष म्हणाला आणि दोघेतिघे हसले.

बस्त्याव गर्दीतून आत घुसला. त्याने तिचं तोंड हातात धरलं. "साखर चढली हिची," तो म्हणाला. "माका म्हायत आसा, शिबिरात सांगलेला. साखर चढली की अशीच होतत." त्याने तिच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. "सकाळी येक मीच दिलंय. आता आणखी येक देवया. पाणी हाडा कोणतरी."

त्या परिच्छेदाचे शब्द माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. गोळी, मेथी, उपाशी पोट. घाम, थरथर, बडबड. माझ्याच अक्षरात, भोवती लाल चौकट.

"नको, गोळी नको!" मी ओरडले. "आई, साखर! साखर हाड!"

साखरेचा डबा घेऊन आई धावत आली. मी मूठ भरली तेवढ्यात बस्त्यावने माझं मनगट धरलं.

"साखरेच्या पेशंटाक साखर? मारतलंस काय तिका?"

"तिची साखर चढली नाय, उतरली. बस्त्याव, सोड."

"तुका कसा म्हायत? तू डाक्टर?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बाबा पडवीच्या पायरीवर येऊन उभे होते. मला स्वच्छ कळत होतं की उत्तर दिलं तर उद्यापासून गावात काय बोललं जाईल. डब्या परत केलेल्या बायका पुन्हा रांगेत उभ्या राहतील. कंपनीचा माणूस माझं पत्रक हातात धरून भाषण करेल. एक क्षण, खरं सांगते, मी दुसरं काहीतरी उत्तर शोधलं. पुस्तकात वाचलं, असं म्हणता आलं असतं. पण बस्त्यावची बोटं सैल होत नव्हती, त्याच्या दुसऱ्या हातात गोळी होती, आणि पुस्तकात वाचलं म्हणणाऱ्या पोरीसाठी त्याने ती खाली टाकली नसती.

"ती रोज दोन चमचे मेथी घेता," मी म्हणाले. "माझ्या पत्रकात वाचून. गोळी घेणाऱ्यान ती घेवची नाय, साखर एकदम पडता, ह्या माका म्हायत होता. मी लिवलेलंय. मगे काढून टाकलंय."

"काढलंस?" बस्त्याव म्हणाला. "कित्याक?"

"जागा नव्हती."

त्याने माझा हात सोडला. त्याचा राग गेला नव्हता, पण गोळीची पट्टी त्याने खिशात टाकली आणि फिलूबायला कुशीवर वळवून धरलं. मी साखर ओली करून तिच्या गालाच्या आतून चोळली. थोडी, मग थोडी. ती चघळत नव्हती, नुसती विरघळत होती. प्रार्थना म्हणणाऱ्या बायकांपैकी एकीने हलक्या आवाजात पुन्हा प्रार्थना सुरू केली आणि बाकीच्या तिच्यामागे म्हणू लागल्या. मला ती किती वेळ चालली ते सांगता येणार नाही. माझी बोटं चिकट झाली होती आणि तिच्या कपाळावरचा घाम मी कोपराने पुसत होते.

मग तिची जीभ हलली. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि रागावून म्हणाली, "तोंडात काय घातलंस गो माझ्या? उपास मोडलंस मां?"

आई हसता हसता रडायला लागली.

उपकेंद्रातल्या नर्सबाई स्कूटीवरून आल्या. त्यांनी फिलूबायच्या बोटाला टोचून साखर बघितली, आणि इतकी साखर पोटात जाऊनही आकडा बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. "गोळी पुन्हा दिली असती तर मी येऊन काही उपयोग नव्हता," त्या म्हणाल्या. "हिला आज दवाखान्यात ठेवावं लागेल. या गोळीचा परिणाम लांबतो, साखर परत पडू शकते." मग त्यांनी मला बाजूला घेतलं. "मेथी एकटी एवढं करत नाही. गोळी, उपास, ऊन, चढण, आणि वर मेथी. पण गोळी, उपाशी पोट आणि मेथी एकत्र नको हे तुम्हाला लिहिताना माहीत होतं ना?"

"हो," मी म्हणाले.

फिलूबायला घेऊन रिक्षा दवाखान्याकडे गेल्यावर घरात कुणी दिवा लावला नाही. आईने ताटं वाढली आणि स्वतः भिंतीशी बसली. बाबा बराच वेळ भात चिवडत होते.

"मी तो परिच्छेद छापणार आहे," मी म्हणाले. "नुसता तोच. वर कबुली, खाली परिच्छेद."

"तू तिथे बोललीस ते पुरेसं आहे. सगळ्यांनी ऐकलं."

"तिथे वीस माणसं होती. कागद चारशे गेलेत."

"शुभा, दुसरं पत्रक म्हणजे पहिलं खोटं, असंच लोक धरतात. कंपनीवाले उद्या डब्या घेऊन येतील आणि आपण बोलायला उरणार नाही. चूक माझी आहे, लाल पेन माझं होतं, पण या एका चुकीसाठी सगळं..."

"तुमी दोघां कागद वाचतास," आई म्हणाली. ती आमच्या वादात कधी पडत नसे. "माणसा कधी वाचतलास? फिलूबाय गोळ्ये घेता ह्या माका म्हायत. तिचो उपास माका म्हायत. ह्या घरात पत्रक लिवताना माका कोणी कधी विचारला?"

बाबांनी ताट सरकवलं आणि हात धुवायला उठले. मी रात्रभर त्यांच्यावर रागावून होते आणि सकाळी उठले तर ते पडवीत बसून पट्टीने कागद कापत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "अर्ध्या कागदात मावेल. अक्षर मोठं ठेव, म्हाताऱ्यांना वाचता यायला हवं." एवढंच. ते माझ्याबरोबर आले मात्र नाहीत, आणि मी बोलावलंही नाही.

मी एकटी फिरले. चार दिवस लागले. प्रत्येक घरी मी कागद नुसता टाकून गेले नाही. दारात उभी राहून विचारलं, घरात साखरेची गोळी कोण घेतं, रक्त पातळ करायची कोण घेतं, पोटुशी कोण आहे, कारण मधल्या काळात मी ती पुस्तिका पुन्हा वाचली होती आणि सावधगिरीचं पान तिच्यात माझ्या परिच्छेदापेक्षा बरंच मोठं होतं. लोकांनी चेष्टा केली. "मेथी खावची काय नको ता येकदा ठरव गो बाय," एक आजोबा म्हणाले. "भाजीत घाला, पेजेत घाला, आंबोळीत घाला. औषध म्हणून गोळीबरोबर नको," मी म्हणाले. "मगे आदी कित्याक नाय सांगलंस?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक दारात आला, आणि प्रत्येक वेळी मला तेच उत्तर द्यावं लागलं, की माहीत होतं आणि काढलं. तिसऱ्या दिवशी एका घरात ओट्यावर वाटीत मेथी भिजत होती आणि शेजारीच गोळ्यांची तशीच पट्टी. त्या बाईंनी वाटीतली मेथी माझ्यासमोर पीठ भिजवायच्या पातेल्यात ओतली आणि म्हणाल्या, "बस, आंबोळी खावन जा."

बस्त्यावच्या दाराशी मी सगळ्यात जास्त वेळ उभी होते. त्याने कागद घेतला, वाचला, खिशात ठेवला.

"ह्यो माझ्या सायबाक दाखवलंय तर तुमचा सगळा संपला," तो म्हणाला.

"दाखव. पण तुझ्या डबीतही मेथीच आसा. जी बाई गोळी घेता तिका डबी देवच्याआधी ह्या वाचून दाखव."

"आणि मगे माझी डबी खपतली काय?"

"म्हायत नाय."

त्याने दार लावून घेतलं. त्याने कुणाला वाचून दाखवलं की नाही ते मला कधीच कळलं नाही.

शेवटचा कागद फिलूबायचा होता. ती दवाखान्यातून आली होती आणि पायरीवर उन्हाला बसली होती. आमच्यात त्या शुक्रवारानंतर बोलणं झालं नव्हतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तिने हात पुढे केला. "आदी कागद दी."

तिने चष्मा लावला आणि वाचायला लागली. ओठ हलत होते, पण नेहमीपेक्षा सावकाश. एकेका ओळीवर बोट ठेवत. वाचून झाल्यावर तिने कागद उलटून बघितला. मागची बाजू कोरी होती. तिने तो पुन्हा सुलटा केला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. माझ्या कागदात आलं म्हणजे खरं, हा विश्वास मात्र नव्हता.

"शुभा," ती म्हणाली, "आणखी काय सांगूचा ऱवला नाय मां?"

नाही, असं मला पटकन म्हणायचं होतं. मला ते म्हणता येईना. मी तिच्या हातातून कागद परत घेतला, तिच्या शेजारी पायरीवर बसले, आणि ती थांबली असताना पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.